नाशिकच्या नळाचे पाणी आणि रीफ टँक: दर उन्हाळ्यात परतणारा तपकिरी थर व मिटून राहणारी प्रवाळे

तक्रार बहुधा एकाच प्रकारची असते. रीफ टँक, म्हणजे जिवंत प्रवाळांचा खाऱ्या पाण्याचा टँक, लावून आठ-दहा महिने झालेले असतात, मासे ठणठणीत असतात, हिवाळाभर सर्व सुरळीत चाललेले असते आणि मार्च संपता संपता काचेवर व वाळूवर तपकिरी थर धरू लागतो. थर पुसला तरी दोन दिवसांत परत येतो. पुढे काचेवरच्या गोगलगायी गळून तळाशी उलट्या पडू लागतात, झोअँथिड नावाची फुलासारखी उमलणारी प्रवाळे दिवसभर मिटलेली राहतात, हीटरवर आणि पंपाच्या पात्यांवर पांढरा खर जमतो. नळाचे पाणी तपासावे तर टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचे एकूण प्रमाण) कमी आणि नायट्रेट जवळजवळ शून्य निघते. त्यामुळे पाण्याला निर्दोष ठरवून संशय दिव्यांवर, टँकसाठीच्या समुद्री मिठाच्या पाकिटावर किंवा नव्याने आणलेल्या एखाद्या माशावर घेतला जातो. पावसाळ्यानंतर हे प्रकार आपोआप कमी होतात आणि पुढच्या मार्चमध्ये पुन्हा सुरू होतात.

नाशिकमध्ये ही तक्रार घेऊन येणाऱ्यांना मी प्रथम दोन प्रश्न विचारतो: रोज आटणाऱ्या पाण्याच्या जागी आपण कोणते पाणी भरता, आणि आपल्या इमारतीच्या टाकीत या महिन्यात नेमके कोठले पाणी पडत आहे? बहुतेक वेळा निदान या दोन उत्तरांतच असते. नळाचे पाणी रीफ टँकला चालते का, या प्रश्नाचे माझे उत्तर सरळ ‘नाही’ असे आहे. मात्र ते का नाही हे नीट समजून घेतले नाही, तर आरओ यंत्र बसवल्यावरही तोच त्रास परत येतो, आणि तसे झालेले मी अनेक घरांत पाहिले आहे.

एकाच नळातून येणारी निरनिराळी पाणी

नाशिक महानगरपालिका शहराला मुख्यतः गंगापूर धरणातून आणि त्याखेरीज मुकणे व दारणा या धरणांतून पाणी पुरवते. हे नदीचे, शुद्धीकरण केलेले पाणी असते, त्यात क्षार तुलनेने कमी असतात आणि रीफ टँकच्या दृष्टीनेही ते वाईटांतले बरे असते. परंतु ते थेट आपल्या नळात येत नाही. आधी सोसायटीच्या जमिनीखालच्या टाकीत आणि मग गच्चीवरच्या टाकीत जाते. उन्हाळ्यात पुरवठा अपुरा पडू लागला की त्याच टाकीत बोअरचे पाणी सोडले जाते आणि तेही पुरेनासे झाले की टँकर मागवला जातो. टँकरचे पाणी कोणत्या विहिरीचे आहे हे विचारण्याची पद्धत आपल्याकडे नाही.

बोअरचे पाणी काळ्या कातळातून, म्हणजे दख्खनच्या बेसाल्टमधून आलेले असते. हा खडक झिजताना पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम, बायकार्बोनेट आणि विशेष म्हणजे सिलिका सोडतो. शहराबाहेरच्या शेतमळ्यांतील विहिरींमध्ये खतांतून झिरपलेले नायट्रेटही असू शकते. द्राक्षपट्ट्यात मोरचूद ही नित्याची वस्तू आहे; बोर्डो मिश्रणासाठी तो लागतोच, शिवाय विहिरीतले वा शेततळ्यातले शेवाळ मारण्यासाठीही काही जण तो टाकतात. मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट, आणि रीफ टँकमधील अपृष्ठवंशीय जीवांसाठी तांब्याइतके घातक दुसरे फारसे काही नाही.

म्हणून जानेवारीत एकदा पाणी तपासून काढलेला निष्कर्ष एप्रिलमध्ये उपयोगी पडत नाही. साधा टीडीएस मीटर घेऊन रोज सकाळी एकदा नळाच्या पाण्याचे मोजमाप करावे आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवावे. महिनाभरात आकडा एकदम दुपटीने वा तिपटीने वाढलेला दिसला, तर त्या दिवशी टाकीत बोअरचे किंवा टँकरचे पाणी पडले असे समजण्यास हरकत नाही. सोसायटीत पंप चालवणाऱ्या माणसाला विचारले तर तो तारखेसह सांगतो. त्याच्याइतकी अचूक माहिती दुसऱ्या कोणाकडे नसते. गच्चीवरची टाकी केव्हा धुतली जाणार आहे हेही त्यालाच विचारून ठेवावे, कारण धुताना ब्लिचिंग पावडर वापरली असेल तर पुढचे एक-दोन दिवस त्या नळाचे पाणी टँकच्या जवळही नेऊ नये.

आटणारे पाणी आणि मागे उरणारे सर्व काही

टँकमधून केवळ पाण्याची वाफ होऊन जाते. त्यात विरघळलेले क्षार मागेच राहतात. आटलेल्या पाण्याच्या जागी नळाचे पाणी भरले की त्यातील क्षार आधीच्या क्षारांत मिळतात, दुसऱ्या दिवशी पुन्हा वाफ जाते, पुन्हा नळाचे पाणी येते आणि साठा वाढत राहतो. नाशिकच्या मार्च ते मे महिन्यांतील कोरड्या हवेत हा वेग फार वाढतो. शिवाय पाणी थंड करणारा चिलर परवडत नसल्यामुळे बहुतेक जण तापमान २६ अंशांच्या आसपास राखण्यासाठी पाण्यावर पंखा लावतात. पंख्याने थंडावा येतो तो बाष्पीभवनामुळेच. म्हणजे थंडावा जितका अधिक, तितके नळाचे पाणीही टँकमध्ये अधिक जाते. तपकिरी थराचा आणि उन्हाळ्याचा संबंध येथे आहे.

आकड्यांत पाहू. २०० लिटरचा टँक आहे आणि पंख्यासह रोज ३ लिटर पाणी आटते असे धरले, तर महिन्याला ९० लिटर नळाचे पाणी त्यात भरले जाते. त्या पाण्यात प्रति लिटर २० मिलिग्रॅम सिलिका असेल, तर एका महिन्यात टँकमध्ये १,८०० मिलिग्रॅम, म्हणजे प्रति लिटर ९ मिलिग्रॅम सिलिका जमा होईल. प्रवाळ जेथे वाढतात त्या उष्ण समुद्राच्या पृष्ठभागावर तिचे प्रमाण १ मिलिग्रॅमपेक्षाही बरेच कमी असते. डायटम नावाचे सूक्ष्म शैवाल आपले कवच सिलिकाचेच बनवते आणि काचेवरचा तो तपकिरी थर बहुधा त्याचाच असतो. नव्या टँकमध्ये पहिले काही आठवडे हा थर येणे स्वाभाविक आहे, त्याची चिंता करू नये. जुन्या टँकमध्ये तो परत येत असेल तर मात्र सिलिका कोठून तरी सतत आत येत आहे.

पाणी बदलण्यासाठी आरओचे पाणी आणि टॉप-अपसाठी, म्हणजे आटलेले पाणी भरून काढण्यासाठी, नळाचे पाणी, अशी विभागणी काटकसर म्हणून अनेक जण करतात. वरचा हिशेब पाहिला तर ही काटकसर उलट दिशेने झालेली आहे हे लक्षात येईल. पाणी बदलताना जेवढे क्षार आत येतात तेवढ्याच वेळी काही बाहेरही जातात. टॉप-अपमध्ये मात्र बाहेर काहीच जात नाही.

कोणता घटक किती अपाय करतो

तांब्याबद्दल आधी लिहितो. पिण्याच्या पाण्यासाठीच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १०५००:२०१२ मध्ये, तांब्याची स्वीकारार्ह मर्यादा प्रति लिटर ०.०५ मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर १.५ मिलिग्रॅमपर्यंत मुभा आहे. सागरी माशांना पांढऱ्या ठिपक्यांचा रोग झाला की वेगळ्या टँकमध्ये तांब्याचे औषध देतात, त्याची नेहमीची मात्रा प्रति लिटर ०.१५ ते ०.२ मिलिग्रॅमच्या आसपास असते, आणि त्या टँकमध्ये कोळंबी, गोगलगाय, खेकडा किंवा प्रवाळ ठेवायचे नाही हा पहिला नियम असतो. म्हणजे माणसाला पिण्यास मुभा असलेल्या पाण्यात या औषधाच्या सात ते दहा पट तांबे असू शकते. अगदी ०.०५ मिलिग्रॅमचे, पूर्णपणे निर्दोष समजले जाणारे पाणी घेतले तरी वरच्या हिशेबाने टँकमधील तांबे दरमहा प्रति लिटर ०.०२२ मिलिग्रॅमने वाढू शकते. त्यातील काही भाग खडक व वाळू धरून ठेवतात, त्यामुळे चाचणीत तो दिसत नाही. पण पुढे पाण्यात तांबे कमी झाले की तोच भाग हळूहळू परत सुटतो.

घरातील तांब्याचे मार्गही तपासावेत. भांडी बाजारातून आणलेल्या तांब्याच्या पिंपात रात्रभर पाणी ठेवून सकाळी पिण्याची पद्धत आपल्या कितीतरी घरांत आहे, आणि ती चांगलीच आहे. मात्र त्या पिंपातले पाणी किंवा त्यात बुडवलेले भांडे टँकसाठी वापरू नये. गिझरचे पाणीही घेऊ नये, कारण कित्येक गिझरांत तांब्याची टाकी वा कॉइल असते. पितळी नळात रात्रभर थांबलेले पाणी सकाळी थोडे वाहून जाऊ द्यावे. शेतावरून आणलेली, फवारणीच्या कामातील बादली कितीही घासली तरी ती या कामाला वापरू नये. घरी वापरायच्या तांब्याच्या चाचणी संचांची नोंद घेण्याची क्षमता बरीच ढोबळ असते, म्हणून संचात रंग आला नाही म्हणजे तांबे नाही असे मानता येत नाही.

अल्कलिनिटीचा, म्हणजे पाण्यातील बायकार्बोनेट-कार्बोनेटच्या प्रमाणाचा, त्रास तांब्यासारखा प्राणघातक नसला तरी तो ओळखण्यात सर्वाधिक गोंधळ होतो. बोअरच्या पाण्याची अल्कलिनिटी प्रति लिटर २०० मिलिग्रॅम असली, तर ती ११ डीकेएच (अल्कलिनिटीचे टँकवाल्यांचे एकक) होते. रीफ सॉल्ट, म्हणजे टँकचे समुद्री मीठ, शून्य क्षाराच्या पाण्यात कालवले जाईल असे धरून बनवलेले असते आणि ते स्वतःच साधारण ८ डीकेएच देते. बोअरच्या पाण्यात ते कालवले की एकूण १९ च्या आसपास जाते, आणि मग कॅल्शियम कार्बोनेट हीटरवर व पंपाच्या पात्यांवर खर होऊन बसते. बादलीत मीठ कालवल्यावर पाणी दुधाळ राहिले, तर याच कारणाचा संशय घ्यावा. याच पाण्याने टॉप-अप केला तर महिन्यात सुमारे ५ डीकेएच टँकमध्ये जातात. कडक, म्हणजे दगडी सांगाडा बनवणाऱ्या, प्रवाळांची संख्या भरपूर असेल तर ती हे वापरून टाकतात आणि मालकाला वाटते की आपल्या नळाचे पाणी प्रवाळांना मानवते. पुढे पावसाळ्यात बोअर बंद होऊन धरणाचे पाणी येऊ लागले की तो पुरवठा एकाएकी थांबतो, अल्कलिनिटी खाली येते आणि अक्रोपोरासारख्या नाजूक प्रवाळांच्या फांद्या टोकांकडून वा बुंध्याकडून पांढऱ्या पडू लागतात. प्रवाळाला ७ डीकेएच चालते, १० देखील चालते. पण त्यांच्यामधले हेलकावे चालत नाहीत.

नायट्रेट आणि फॉस्फेटबद्दल माझे मत प्रचलित समजुतीपेक्षा वेगळे आहे. शेवाळ आले की नळातल्या फॉस्फेटवर खापर फोडले जाते. नळाच्या पाण्यात प्रति लिटर ०.१ मिलिग्रॅम फॉस्फेट असले, तर ९० लिटरमधून महिन्याला ९ मिलिग्रॅम आत जाईल. माशांच्या कोरड्या खाद्यात साधारण १ टक्का फॉस्फरस असतो, म्हणजे रोज टाकलेल्या १ ग्रॅम खाद्यातून सुमारे ३० मिलिग्रॅम फॉस्फेट येते. नळाने महिन्याभरात दिले त्याच्या तिपटीहून अधिक खाद्याने एका दिवसात दिले. नायट्रेटचेही तसेच आहे: धरणाच्या पाण्यात प्रति लिटर १० मिलिग्रॅम असले तरी महिन्याचा साठा दोन-तीन दिवसांच्या खाद्याइतकाच भरतो. म्हणून हिरवे केसाळ शेवाळ ही एकमेव तक्रार असेल, तर नळापेक्षा आधी खाद्याचे प्रमाण, स्किमर (फेसाबरोबर मळ काढणारे यंत्र) आणि वाळूत साचलेला मळ पाहावा. अपवाद शेतातल्या विहिरीच्या पाण्याचा. मानकाने नायट्रेटची मर्यादा प्रति लिटर ४५ मिलिग्रॅम ठेवली आहे. तेवढे नायट्रेट असलेल्या पाण्याने टॉप-अप केल्यास महिन्याला प्रति लिटर २० मिलिग्रॅमची भर पडते आणि तेथे पाणीच मुख्य आरोपी ठरते.

क्लोरीन हा यांतला सर्वांत सोपा घटक आहे. तो माशांच्या कल्ल्यांना व गाळणीतील उपयुक्त जीवाणूंना इजा करतो, पण सोडियम थायोसल्फेट असलेल्या साध्या अँटी-क्लोरीनने तो लगेच निष्प्रभ होतो आणि एअर स्टोन लावून पाणी रात्रभर ठेवले तरी बहुतांश निघून जातो. ‘मी अँटी-क्लोरीन घालतो, मग पाण्याचा प्रश्न मिटला’ हे वाक्य मात्र मी फार वेळा ऐकतो. तांबे, सिलिका, नायट्रेट वा अल्कलिनिटी यांपैकी काहीही त्या थेंबांनी कमी होत नाही.

लक्षणांवरून कारणाकडे

पाणी बदलल्यावर काही तासांतच कोळंबी तडफडली किंवा गोगलगायी काचेवरून गळल्या आणि मासे मात्र व्यवस्थित असले, तर पहिला संशय तांब्याचा आणि दुसरा क्षारतेतील फरकाचा घ्यावा. नव्या पाण्याची क्षारता रिफ्रॅक्टोमीटरवर जुन्या पाण्याइतकीच होती का ते पाहावे, आणि रिफ्रॅक्टोमीटर साध्या पाण्यावर नव्हे तर ३५ पीपीटीच्या (हजार भागांत ३५ भाग क्षार) प्रमाणित द्रावणावर जुळवलेला होता का तेही पाहावे. मासेही पृष्ठभागावर येऊन धापा टाकत असतील तर क्लोरीन. तपकिरी, बोटाने सहज पुसला जाणारा थर म्हणजे सिलिका. जांभळट-लाल, बुळबुळीत, चादरीसारखा सोलला जाणारा थर म्हणजे सायनोबॅक्टेरिया. त्याचे मूळ बहुधा कमी प्रवाहात आणि साचलेल्या मळात असते, त्यामुळे केवळ पाणी सुधारून तो जात नाही. सॉफ्ट कोरल आठवडेच्या आठवडे मिटलेले आणि चाचण्या सर्व ठीक असतील, तर हळूहळू साठलेल्या तांब्याचा विचार करावा.

शंका फेडण्याचा एक स्वस्त उपाय असा: दोन स्वच्छ प्लॅस्टिकच्या बादल्यांत, एकीत नळाचे आणि दुसरीत खात्रीच्या शून्य टीडीएसच्या पाण्यात, एकाच पाकिटातले मीठ सारख्याच क्षारतेपर्यंत कालवावे, दुसऱ्या दिवशी दोन्हींचे डीकेएच, नायट्रेट, फॉस्फेट आणि शक्य असल्यास सिलिकेट मोजावे. दोन्ही बादल्यांतला फरक हा नळाचा वाटा. तो नगण्य असेल तर कारण टँकच्या आत शोधावे. ही तपासणी मे महिन्यात, बोअर सुरू असताना करावी.

घरातल्या पिण्याच्या आरओचे पाणी

‘मी तर आरओचेच पाणी वापरतो, तरीही थर येतो’ ही पुढची तक्रार असते, आणि तिचे कारण बहुधा यंत्राच्या रचनेतच असते. आपल्या स्वयंपाकघरातील यंत्र माणसाच्या जिभेसाठी बनवलेले आहे. मेम्ब्रेनमधून, म्हणजे क्षार अडवणाऱ्या पडद्यातून, निघालेले पाणी बेचव लागते म्हणून त्यात पुढे मिनरल कार्ट्रिज बसवलेले असते, किंवा टीडीएस कंट्रोलर नावाच्या छोट्या व्हॉल्व्हमधून न गाळलेले पाणी थोडे परत मिसळले जाते. अलीकडे तर तांब्याचे कार्ट्रिज असलेली यंत्रे आरोग्यदायी म्हणून विकली जातात. रीफ टँकसाठी अशा यंत्राचे पाणी म्हणजे नेमके जे टाळायचे तेच मुद्दाम घालून घेणे आहे. विकतच्या पाण्याच्या जारचीही हीच अडचण असते. एसीच्या पाइपातून ठिबकणारे पाणी क्षारविरहित दिसले तरी ते धातूच्या कॉइलवरून, बहुधा तांब्यावरून, आलेले असते. ते वापरू नये. बॅटरीसाठी मिळणारे डिस्टिल्ड वॉटर कोणत्या डब्यात भरले गेले याची खात्री नसते, म्हणून अगदी अडचणीतच घ्यावे.

यंत्र बदलण्याची गरज मात्र दर वेळी नसते. मेम्ब्रेनच्या पुढे आणि मिनरल कार्ट्रिजच्या आधी एक टी-जोड बसवून तेथून वेगळी नळी काढता येते, टीडीएस कंट्रोलर पूर्ण बंद करता येतो आणि त्या नळीला उरलेले क्षार धरून ठेवणाऱ्या डीआय रेझिनचे पात्र जोडले की कामचलाऊ आरओ-डीआय तयार होते. नेहमी यंत्र दुरुस्त करायला येणारा माणूस हे काम करून देतो. फक्त त्याला ‘गोड पाणी नको, कोरे पाणी हवे’ असे स्पष्ट सांगावे लागते.

आरओ-डीआय असूनही त्रास चालू असेल तर

क्रम असा असावा: ५ मायक्रॉनचा सेडिमेंट फिल्टर, कार्बन ब्लॉक, मेम्ब्रेन आणि शेवटी डीआय रेझिन. या मेम्ब्रेनला क्लोरीन सोसत नाही, म्हणून कार्बन ब्लॉक वेळेवर बदलला नाही तर महागडी मेम्ब्रेन निकामी होते. चांगली मेम्ब्रेन सुमारे ९५ ते ९८ टक्के क्षार अडवते. नळाला ३०० टीडीएस असेल तर मेम्ब्रेननंतर ६ ते १५ दिसायला हवा. तो नळाच्या दहाव्या हिश्शापलीकडे गेला तर मेम्ब्रेन किंवा दाब, दोहोंपैकी एकात दोष आहे.

दाबाकडे आपल्याकडे फार दुर्लक्ष होते. या मेम्ब्रेनना ५० ते ६० पीएसआय दाब लागतो. गच्चीवरच्या टाकीतून केवळ उंचीमुळे मिळणारा दाब दर १० मीटरला सुमारे १४ पीएसआय असतो. म्हणजे वरच्या मजल्यांवर राहणाऱ्यांना जेमतेम ५ ते १० पीएसआय मिळतो आणि सात मजली इमारतीच्या तळमजल्यावरही तीसच्या आसपासच. बूस्टर पंपाशिवाय येथे मेम्ब्रेन नीट चालत नाही. पाणी कमी येते, वाया जास्त जाते आणि क्षारही अधिक पार होतात. मेम्ब्रेनची क्षमता २५ अंशांच्या पाण्यावर सांगितलेली असते, आणि पाणी थंड होत जाते तसे उत्पादन दर अंशाला साधारण ३ टक्क्यांनी घटते. त्यामुळे डिसेंबर-जानेवारीत बादली भरायला जास्त वेळ लागला तर यंत्र बिघडले असे समजू नये.

सर्वाधिक फसवणारी गोष्ट मात्र डीआय रेझिनची आहे. मीटरवर शून्य दिसत असते आणि तरीही तपकिरी थर येतो, याचे कारण असे की टीडीएस मीटर पाण्याची विद्युतवाहकता मोजतो, आणि पाण्यात विरघळलेल्या सिलिकावर या स्थितीत जवळजवळ विद्युतभार नसतो, म्हणून ती मीटरला दिसतच नाही. रेझिन तिला सैलसर धरते. क्षमता संपत आली की सर्वांत आधी सिलिकाच सुटून बाहेर पडते आणि मीटरवरचा आकडा वाढायला त्यानंतर बराच वेळ जातो. यावर उपाय म्हणजे एकापुढे एक अशी दोन रेझिन पात्रे लावणे, शक्यतो रंग बदलणाऱ्या रेझिनची. पहिल्याचा रंग संपला की ते काढावे, दुसरे पहिल्याच्या जागी आणावे आणि नवे दुसऱ्या जागी बसवावे. कातळातल्या बोअरच्या पाण्यावर चालणाऱ्या प्रत्येक टँकला मी दोन पात्रांचाच आग्रह धरतो.

रेझिन फार लवकर संपत असेल तर पाण्यातील कार्बन डायऑक्साइड तपासावा. बोअरच्या ताज्या पाण्यात तो भरपूर असू शकतो. वायू असल्यामुळे मेम्ब्रेन त्याला अडवत नाही आणि तो रेझिनची शक्ती खाऊन टाकतो. यंत्राला जाणारे पाणी आदल्या रात्री उघड्या पिंपात एअर स्टोन लावून ठेवले आणि सकाळी तेथून पंपाने यंत्राला दिले, तर रेझिन लक्षणीय टिकते. यंत्र सुरू केल्यावर मेम्ब्रेनमधून पहिली काही मिनिटे येणारे पाणी अधिक क्षारांचे असते, तेही रेझिनमध्ये जाऊ न देता बाजूला काढावे.

तयार पाणी झाकणाच्या, खाद्यपदार्थांसाठी योग्य अशा प्लॅस्टिकच्या पिंपात साठवावे. वाया जाणारे पाणी मोरीत सोडू नये. एक लिटर कोऱ्या पाण्यामागे तीन-चार लिटर निघणारे ते पाणी फरशी पुसण्यास, शौचालयास आणि धरणाचे पाणी असल्यास झाडांनाही उत्तम चालते. उन्हाळ्यात शेजारी टँकरची वाट पाहत असताना हे आपण केलेच पाहिजे.

बिघडलेला टँक मार्गावर आणताना

पाणी सुधारले की सर्व पाणी एकदम बदलण्याचा मोह होतो, तो आवरावा. टॉप-अप त्याच दिवसापासून पूर्णपणे आरओ-डीआयचा करावा आणि पाणी आठवड्याला १० ते १५ टक्केच बदलावे, कारण अल्कलिनिटी १४ वरून एका दिवसात ८ वर आणली तर मूळ पाण्यापेक्षा उपायानेच अधिक प्रवाळ दगावतात. बोअरच्या पाण्यातून नकळत मिळणारे कॅल्शियम व कार्बोनेट आता थांबणार असल्यामुळे, कडक प्रवाळ असलेल्या टँकमध्ये डीकेएच एक दिवसाआड मोजून वेगळा डोस सुरू करावा लागतो. तांब्याचा संशय असेल तर क्युप्रिसॉर्बसारखे तांबे शोषणारे रेझिन गाळणीत काही महिने ठेवावे. खडकातून तांबे सावकाश सुटत राहते, म्हणून आठवडाभरात ते काढून टाकू नये आणि तोवर नव्या गोगलगायी वा कोळंबी आणू नयेत.

केवळ मासे असलेल्या सागरी टँकला इतके सर्व करण्याची गरज नाही. धरणाचे पाणी अँटी-क्लोरीन घालून तेथे चालते. मशरूम आणि झोअँथिड यांसारखी सोशिक प्रवाळे नळाच्या पाण्यावर वर्षभर जगलेली दिसतात हेही खरे आहे, पण ती जगतात याचा अर्थ त्यांच्याशेजारी उद्या अक्रोपोरा ठेवता येईल असा होत नाही. मेम्ब्रेन निकामी झाली आहे आणि नवी यायला चार दिवस लागणार आहेत अशा अडचणीत काय करावे, हेही अनेक जण विचारतात. अशा वेळी पाणी बदलणे पुढे ढकलावे, पंखा शक्य तेवढा कमी चालवावा, टँकवर झाकण ठेवावे आणि टॉप-अपसाठी खात्रीच्या ओळखीकडून चार-पाच कॅन कोरे पाणी आणावे. क्षारता चार दिवसांत थोडी वाढली तरी ती अनोळखी टँकरच्या पाण्यापेक्षा कमी धोक्याची आहे.

सिलिका येणे थांबल्यावर आधीची सिलिका डायटम वापरून संपवते, म्हणून पुढचे काही आठवडे थर येत राहतो व हळूहळू विरळ होतो. या काळात तो पुसून सायफनने बाहेर काढत राहावे. दोन महिन्यांनंतरही तो तेवढाच दाट असेल, तर दुसऱ्या रेझिन पात्रानंतरच्या पाण्याची सिलिकेट चाचणी करावी, आणि तेथे काहीच निघाले नाही तर मिठाच्या नव्या पाकिटाच्या कालवलेल्या पाण्यावर तीच चाचणी करून पाहावी.